उलट्या आट्यांचा जिना

जिनेवाल्यांनी जन्मभर एकच काम केलं, लोखंड वळवलं. गच्चीचे जिने, पोटमाळ्याचे जिने, दुकानामागच्या गोदामाचे जिने. जागा कमी आणि चढायचं मात्र आहे, असं जिथे जिथे असे तिथे त्यांना बोलावणं येई. गोल जिन्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता, आणि हे सगळ्यात आधी तेच सांगत. हात सोन्याचा, पण राग नाकावर. वर्कशॉपमध्ये त्यांचा आवाज चढला की ग्राइंडर चालवणारासुद्धा ग्राइंडर बंद करून उभा राही. राग जितक्या लवकर येई तितक्याच लवकर जाईही, पण तो गेला हे त्यांचं त्यांनाच कळे. समोरच्याला कोणी सांगत नसे.

त्यांची सून एका संशोधन संस्थेत होती. पेशींमध्ये काय काय चालतं याचा अभ्यास करायची. लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं, तरी सासऱ्यांशी तिचं बोलणं ‘बाबा, चहा ठेवलाय’ आणि ‘बाबा, किल्ली टेबलावर आहे’ यापलीकडे फारसं गेलं नव्हतं. भांडण नव्हतं. दोघंही एकमेकांना जपून होती, इतकंच.

संस्थेची नवी इमारत झाली, तेव्हा तिच्या उंच दालनात छतापासून डीएनएची भलीमोठी प्रतिकृती टांगायची असं संचालकबाईंनी ठरवलं. प्लॅस्टिकची कामं करणाऱ्यांनी दाखवलेले नमुने बाईंना खेळण्यासारखे वाटले. बैठकीत कोणीतरी म्हणालं, "हा म्हणजे शेवटी गोल जिनाच की." आणि सुनेच्या तोंडून निघून गेलं, "माझे सासरे गोल जिने करतात."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, आपण हे काय करून बसलो! पण सगळ्यांच्या माना वळल्या होत्या आणि काम ठरल्यातच जमा होतं.

जिनेवाल्यांना मात्र मनापासून आनंद झाला. त्यांनी तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही, ही गोष्ट वेगळी.

"कोण चढणार आहे त्यावर?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही, बाबा. नुसता बघायचा."

"न चढायचा जिना!" ते बायकोकडे वळून म्हणाले. "ऐकलंस का?"

सुनेनं संस्थेतून एक वीतभर उंचीचा प्लॅस्टिकचा नमुना आणून दिला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून समजावून सांगितला. बाहेरून दोन पट्ट्या एकमेकींबरोबर वळत वर जातात. त्यांच्यामध्ये पायऱ्या. एका पूर्ण वळशात साधारण दहा पायऱ्या. प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची, आणि तुकडे चार प्रकारचे. दोन मोठे, दोन लहान. लाल नेहमी पिवळ्यालाच जोडायचा, निळा नेहमी हिरव्यालाच.

"लालला हिरवा जोडला तर?" जिनेवाल्यांनी विचारलं.

"नाही जुळत. लाल-पिवळ्यात दोन दुवे असतात, निळ्या-हिरव्यात तीन. शिवाय मोठ्याला लहानच लागतो."

जिनेवाल्यांनी नमुना हातात घेऊन फिरवला. "बरोबर आहे. मोठ्याला मोठा लावला तर जिन्याला पोट सुटेल. लहानाला लहान लावला तर कंबर बारीक होईल. रुंदी सगळीकडे सारखी राहायची असेल तर एक मोठा, एक लहान."

सून चमकून त्यांच्याकडे बघत राहिली. वर्गात हे समजावून सांगायला तिला अर्धा तास लागायचा. तिनं उत्साहानं पुढचं सांगितलं, की या पायऱ्या कुठल्या क्रमानं लागतात त्यातच सगळं असतं. कोणाचे डोळे घारे, कोणाचे केस कुरळे, काकडीला काकडीची चव का येते, सगळं.

"आणि माझा राग?" जिनेवाले म्हणाले.

"तो तुमच्या वडिलांकडून आलाय," त्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्यासाठी नमुना बघायची गरज नाही."

त्या रात्री सगळे हसले. काम सुरू झालं ते असं, हसतखेळत.

पहिली ठिणगी पडली ती खाचांवरून. जिनेवाल्यांनी दोन पाइप वाकवले आणि ते एकमेकांच्या बरोब्बर समोर येतील असे आडवे मांडून पायऱ्यांना वेल्डिंगचे टाके मारायला सुरुवात केली. सून बघायला आली, तर तिला दिसलं की दोन पाइपांमधली फट दोन्ही बाजूंना सारखीच आहे. खऱ्या रेणूत तसं नसतं. पट्ट्या अगदी समोरासमोर नसतात, जरा एका अंगाला सरकलेल्या असतात. त्यामुळे एक खाच रुंद होते आणि एक अरुंद. तिनं तसं सांगितलं.

"समोरासमोरच पाहिजेत," जिनेवाले म्हणाले. "नाहीतर तोल जाईल."

"पण बाबा, ते तसं नसतंच. ते बदलावं लागेल."

वर्कशॉपमध्ये चार माणसं होती. त्यांच्यादेखत सुनेनं ‘बदलावं लागेल’ म्हणावं, हे जिनेवाल्यांना लागलं. आवाज चढला. "जिने मी करतो की तू करतेस? तिकडे तुझ्या काचेच्या नळ्यांत मी कधी बोट घालायला येतो का?"

ग्राइंडर बंद झाला. सून तशीच मागे वळून निघून गेली.

संध्याकाळपर्यंत जिनेवाल्यांनी तो प्लॅस्टिकचा नमुना चारदा हातात घेतला. सुनेचं म्हणणं बरोबर होतं. नमुन्यात एक खाच बोट जाईल एवढी होती, दुसरीत नखसुद्धा जेमतेम शिरत होतं. नमुना घरी आला तेव्हा त्यांनी तुकडे आणि पायऱ्या बघितल्या होत्या, खाचा बघितल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी टाके तोडले आणि पाइप सरकवून घेतले. काम तिच्या सांगण्याप्रमाणे झालं. आता झालं ना, मग विषय संपला, असं त्यांच्या लेखी होतं. तिला तसं बोलून दाखवायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

पुढे काम सरळ चाललं. दोन्ही पाइपांवर पाचकोनी पत्रे बसवले. एका पाइपावरच्या पत्र्यांची टोकं वर, दुसऱ्यावरच्यांची खाली, कारण दोन पट्ट्या उलट दिशांना तोंड करून असतात असं सुनेनं नमुन्याबरोबर दिलेल्या चित्रात होतं. पायऱ्या रंगवल्या. मग दोन मजले उंचीचं ते धूड गर्डरला चेनपुली लावून पहिल्यांदा उभं केलं आणि जिनेवाल्यांनी घरी फोन करून सगळ्यांना बघायला बोलावलं.

सगळ्यांनी वाहवा केली. सुनेनंही केली. मग ती जरा वेळ मान वर करून बघत राहिली.

जिना उलटा वळला होता.

डीएनए उजव्या वळणाचा असतो. समोरून बघितलं तर पट्टी डावीकडून उजवीकडे चढत जाते. इथे ती उजवीकडून डावीकडे चढत होती. इतके दिवस तुकडे घोडीवर आडवे पडलेले, तेही दोन भागांत, आणि तिचं सगळं लक्ष खाचांकडे. तिच्या हे ध्यानात आलं नव्हतं. रोज ज्याच्याशी काम करायचं त्याचं वळण आपल्याला ओळखू आलं नाही, याची तिला आधी लाज वाटली. मग तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते चिंधीनं पाइपावरचा एक डाग पुसत होते. एवढं खूश तिनं त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

ती सगळ्यांबरोबर घरी निघाली.

घरी गेल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. "तूच सांग त्यांना." नवऱ्याला वडिलांची चांगलीच माहिती होती. त्यानं वर्कशॉपमधल्या जुन्या वेल्डरला गाठलं. या वेल्डरला सगळे गॉगल म्हणत, कारण तो चहा पितानाही डोळ्यांवरचा चष्मा काढत नसे. "तुमचं ते ऐकतात, तुम्हीच सांगा." गॉगलनं मान डोलावली आणि दोन दिवसांनी मालकिणीला फोन केला, "वहिनी, घरच्या माणसानं सांगितलेलं बरं." अशा रीतीनं ती बातमी सगळ्यांच्या हातून फिरून आली आणि एकाच माणसाला कळायची राहिली.

संचालकबाईंनी प्रतिकृती घेऊन यायचा वार कळवला, त्या संध्याकाळी जिनेवाले जेवताना रंगात आले होते. टेम्पो कोणाचा सांगायचा, दोर किती लागतील, सगळं एकटेच बोलत होते. बाकीचे ताटात बघत होते.

"काय झालंय काय?" ते थांबून म्हणाले. "कोणी गेलंय का?"

मुलानं पाण्याचा पेला उचलला. शेवटी बायकोला राहवेना. "अहो, तो तुमचा जिना उलटा झालाय म्हणे."

"उलटा म्हणजे?"

"ते मला काय ठाऊक. उलटा झालाय एवढं खरं."

"कोण म्हणतं?"

"मी, बाबा," सून म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला, की तिलाच तो आपला वाटला नाही.

"कधी कळलं तुला?"

"उभा केला त्या दिवशी."

म्हणजे आठवडा होऊन गेला होता. जिनेवाल्यांनी मुलाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "आणखी कोणाला माहीत आहे?"

"गॉगलला," मुलगा पुटपुटला.

आता स्फोट होणार म्हणून सगळे जीव मुठीत धरून बसले. पण जिनेवाले ओरडले नाहीत. ताटावरून उठले, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. काम चुकलं याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. लोखंड आहे, चुकतं, कापायचं आणि पुन्हा करायचं. पण घरातली माणसं आठवडाभर आपल्यासमोर जेवत होती, झोपत होती, आणि एकालाही तोंड उघडायचा धीर झाला नाही? गॉगललाही नाही, जो त्यांच्याबरोबर तीस वर्षं होता? आपण एवढे वाईट आहोत का, हे त्यांना कोणाला तरी विचारावंसं वाटलं. पण विचारणार कोणाला?

सकाळी ते सगळ्यांच्या आधी वर्कशॉपमध्ये पोचले. गॉगल आल्या आल्या म्हणाले, "उलटा झालाय तर सुलटा करू. खालचं टोक वर, वरचं खाली. दोर बांध."

गॉगल दोर आणायला वळला. त्यालाही वाटलं, उलटी गोष्ट उलटी केली की सुलटी होणारच.

काम काही सोपं नव्हतं. धूड खाली घ्यायचं, आडवं करायचं, फिरवायचं, दुसरं टोक पुलीला अडकवायचं. रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून पाइपांना जुनी पोती गुंडाळली. चौघंही घामाघूम झाले. दुपारी जिना पुन्हा उभा राहिला, पोती सोडली, आणि सगळे लांब जाऊन बघू लागले.

"मालक," गॉगल शेवटी म्हणाला, "आपण फिरवला ना?"

"म्हणजे?"

"नाही, फिरवला असेलच. दुखतंय त्यावरून तर फिरवलाय. पण दिसतोय तसाच."

खरंच तसाच दिसत होता. पाचकोनी पत्र्यांनीसुद्धा दगा दिला होता. वर टोक असलेले खाली झाले होते आणि खालचे वर, त्यामुळे त्यातूनही काही कळायची सोय नव्हती. जिनेवाले डोक्याला हात लावून स्टुलावर बसले.

त्याच वेळी सून दारात आली. अर्धी रजा टाकून, मनाशी काहीतरी ठरवून आली होती. तिनं दोर पाहिले, पोती पाहिली, आणि काय घडलं असेल ते ओळखलं.

"घे," जिनेवाले म्हणाले. "उलटा केला. आता सांग."

चौघं कामगार तिच्याकडे बघत होते. तीच जागा, तीच माणसं.

"बाबा, तो वर-खाली उलटा नाहीये. त्याचे आटे उलटे आहेत."

जिनेवाले स्टुलावरून उठले. बाकावरच्या डब्यातून त्यांनी एक बोल्ट उचलला, डोळ्यांसमोर उभा धरला आणि त्याच्या आट्यांच्या तिरप्या रेघा जिन्याशी ताडून पाहिल्या. मग बोल्ट उलटा धरला. रेघा तशाच. बोल्ट डोक्यावर उभा करा नाहीतर शेपटीवर, त्याचे आटे बदलत नाहीत. हे त्यांना कामाला लागल्यापासून माहीत होतं. बोल्टचे आटे उजवीकडे चढत होते. जिन्याचे डावीकडे.

"उलट्या आट्यांचा झालाय हा," ते म्हणाले.

"हो."

"मग एवढंच सांगायचं होतं? दोन शब्दांत झालं असतं की."

सून कामगारांकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, बाबा. माझं बरोबर होतं तरी ओरडलात. मग मला नाही वाटलं सांगावंसं."

गॉगलनं हळूच पाठ फिरवून पोती गोळा करायला घेतली. जिनेवाल्यांनी बोल्ट मुठीत दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"ओरडलो खरा," ते म्हणाले. मग जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "चुकलं माझं."

मग कसं झालं तेही त्यांनीच सांगितलं. जिना कुठल्या बाजूला वळवायचा ते ते दारावरून ठरवत. दालनाचं दार डाव्या अंगाला, म्हणून त्यांनी तो आत येणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल असा वळवला होता. माणूस डावीकडून चढो की उजवीकडून, वर पोचला म्हणजे झालं. जिन्याचं वळण आधीच ठरलेलं असू शकतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. "आणि तो नमुना मी चार वेळा हातात घेतला," ते म्हणाले, "ते फक्त खाचा बघायला."

"मीसुद्धा खाचाच बघत होते," सून म्हणाली. "माझं तर ते रोजचं काम आहे."

संध्याकाळी मुलगाही आला. त्यानं इंटरनेटवर शोधून एक तोडगा आणला होता. डाव्या वळणाचा डीएनएसुद्धा असतो म्हणे. खाली तशी पाटी लावली की काम भागलं!

"असतो," सून म्हणाली, "पण तो असा दिसत नाही. जास्त बारीक असतो, आणि त्याच्या पट्ट्या वाकड्यातिकड्या जातात. पाटी लावली तर आधी चुकलो होतो, आता खोटं बोललो, असं होईल."

"पण कोणाला कळणार आहे?" जिनेवाल्यांनी विचारलं. ते वाद घालत नव्हते, त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

सुनेनं स्वतःचा उजवा हात जिन्याच्या रुंद खाचेत घातला. पेशीत काही रेणू असेच खाचेत हात घालून पायऱ्यांचा क्रम चाचपतात, ती म्हणाली. ते घडलेले असतात उजव्या वळणासाठी. वळण उलटं असेल तर त्यांचा हात बसणार नाही. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसत नाही तसं. आणि हे फक्त माणसात नाही. गवतात, माशात, दह्यातल्या जंतूत, सगळीकडे हेच वळण.

"सगळीकडे एकच?" जिनेवाले म्हणाले. "कोणी दुसऱ्या आट्यांचं काढलंच नाही?"

"कामाचं तरी नाही."

जिनेवाल्यांनी वर बघितलं, खाली बघितलं. "मग कापा," ते म्हणाले.

पायऱ्या सपाट होत्या, त्या पालथ्या करून तशाच वापरता येणार होत्या. नवे करायचे होते ते दोन पाइप. सुनेनं संचालकबाईंना स्वतः फोन करून झालेलं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मी परवा येऊन गेले की तिथे. फोटोही काढला. मला कुठे दिसलं?" त्यांनी आठवडाभर मुदत वाढवून दिली.

त्या आठवड्यात सून रोज संस्थेतून सुटली की वर्कशॉपमध्ये येई. आल्यावर आधी बोल्ट घेऊन पाइपांचं वळण बघायची, मग खाच, मग रंगांच्या जोड्या. आता तिची भीड इतकी चेपली, की निळ्या रंगाची छटाही तिला पसंत पडेना. पत्र्यांचे कोपरे, पायऱ्यांमधलं अंतर, छताच्या हुकाची जागा, सगळ्यावर तिचं काही ना काही म्हणणं असे. जिनेवाले तीनदा ऐकून घेत, चौथ्यांदा म्हणत, "आता पुरे की गं! वेल्डिंगपण तूच कर." मग तिनं वेल्डिंगचा मुखवटा चढवून एक टाका खरंच मारला. तो इतका वाईट झाला, की गॉगलनं पहिल्यांदाच चष्मा काढून तो जवळून पाहिला आणि मुकाट्यानं घासून टाकला.

जिना दालनात लागला. छताच्या हुकाला अडकवून चेन सोडली तेव्हा तो स्वतःभोवती सावकाश अर्धा फिरला आणि स्थिर झाला. खिडक्यांतून येणारा उजेड पायऱ्यांच्या चार रंगांवर पडत होता. उद्घाटनाला पाहुणे आले, त्यांनी माना वर करून पाहिलं, फोटो काढले आणि ते खाण्याच्या टेबलांकडे वळले. वळण बरोबर आहे, असं कोणी म्हणालं नाही. बरोबर असलेलं कोणाच्या डोळ्यांत येणार? एका पाहुण्यानं तेवढं विचारलं, "वर जायला हाच जिना का?" जिनेवाल्यांनी त्याला लिफ्ट दाखवली.

जुने पाइप वर्कशॉपच्या मागे पडून होते. पुढे एका पाण्याच्या टाकीवर चढायला जिना हवा होता, तिथे ते तुकडे करून कामी आले. टाकीच्या जिन्याला कुठलंही वळण चाललं.

घरात मात्र एक गोष्ट बदलली आणि ती जिनेवाल्यांना थोडी महागात पडली. त्यानंतर एकदा सगळे जेवायला बसले असताना सून म्हणाली, "बाबा, तुम्हाला उजव्या कानानं कमी ऐकू येतं. तुम्ही ओरडता असं सगळ्यांना वाटतं, पण निम्म्या वेळा तुम्हाला स्वतःचा आवाजच नीट ऐकू येत नाही. कान तपासून घ्या."

मुलाचा घास हातातच राहिला. आई सुनेकडे आणि मग नवऱ्याकडे बघू लागली.

"मला सगळं ऐकू येतं," जिनेवाले मोठ्यांदा म्हणाले.

"बघा," सून म्हणाली.

ते कुरकुरले, सगळ्या डॉक्टरांना नावं ठेवली, आणि ताट बाजूला सारून म्हणाले, "उद्या सकाळी नको, उद्या पाइप येणार आहेत. परवा. आणि तू चल बरोबर. तो काय बोलतो ते मला नीट कळलं पाहिजे."